औषधउद्योगाचं श्रेय १९७०च्या पेटंट कायद्याला किती?

पाटीपुस्तक (प्रश्न)

विकसनशील देशांतल्या संस्था आणि तंत्रज्ञानाची वाढ यावर टिपण काढतोय. भारताचं उदाहरण सगळे एका वाक्यात उरकतात: १९७०च्या कायद्याने औषधांवरची प्रॉडक्ट पेटंट (म्हणजे खुद्द पदार्थावरची) काढली आणि उद्योग वाढला. पण ब्राझीलने ती १९४५ सालीच काढली होती आणि १९७१च्या कायद्यात प्रोसेस पेटंटनाही (बनवण्याच्या पद्धतीवरच्या) जागा ठेवली नाही. म्हणजे आपल्यापेक्षा सैल कायदा, तोही आधीपासून. तरी तिथला बाजार बहुतांशी परदेशी कंपन्यांच्याच हातात राहिला. मग आपल्याकडे वेगळं काय होतं? कलमं आणि सालांसकट कोणी सांगेल का?

कलमबहाद्दर

आधी कलमं. कायदा १९७०चा, लागू झाला २० एप्रिल १९७२ला, त्यामागे न्या. अय्यंगार यांचा १९५९चा अहवाल. कलम ५ प्रमाणे औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर. कलम ५३ प्रमाणे त्याची मुदत सीलिंगपासून (पेटंटवर सरकारी शिक्का बसल्यापासून) ५ किंवा पेटंटच्या तारखेपासून ७ वर्षं, जे आधी संपेल ते. इतर शोधांना १४ वर्षं होती. शिवाय कलम ८७: सीलिंगनंतर ३ वर्षं झाली की पेटंटवर 'लायसन्स ऑफ राइट' आपोआप लागू. परवाना मागणाऱ्याला तो द्यावाच लागे आणि कलम ८८ प्रमाणे रॉयल्टी ४ टक्क्यांच्या वर नाही.

आता ब्राझीलचा मुद्दा. पद्धतीवरचं पेटंट शिल्लक राहिलं, हे माझ्या मते आपल्या पथ्यावरच पडलं. दुसऱ्याचा मार्ग जसाच्या तसा उचलता येत नव्हता, त्यामुळे सुरुवातीचा कच्चा माल बदला, पायऱ्यांचा क्रम फिरवा, वेगळा कॅटलिस्ट लावा, असं करत केमिस्टला नवा रूट (बनवण्याचा मार्ग) शोधावाच लागे. हात त्यातूनच तयार झाले. तिथे ही सक्तीच नव्हती. तयार बल्क ड्रग (गोळीतला मूळ औषधी पदार्थ) आयात करून गोळ्या पाडणं केव्हाही सोपं.

रसायनी

पेटंटचा भाग पटला, पण रूट शोधणारी माणसं कायद्याने येत नाहीत. माटुंग्याचं यूडीसीटी (रसायन तंत्रज्ञानाचं कॉलेज) १९३३चं, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) १९५०ची, पिंपरीचं सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४चं (डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीने), आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी १९६१ची, सोव्हिएत तंत्रज्ञानावर. कायदा आला तेव्हा हे सगळं उभं होतं. डॉ. अंजी रेड्डी यांचा प्रवासच बघा: यूडीसीटी, एनसीएलमध्ये पीएचडी, आयडीपीएलमध्ये नोकरी आणि १९८४मध्ये स्वतःची कंपनी, डॉ. रेड्डीज. सरकारी कारखान्यांना तोटे झाले म्हणून त्यांना नावं ठेवतात. तिथे शिकून बाहेर पडलेली माणसं मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

आणि हे शिक्षण प्रयोगशाळेत पुरं होत नाही. १ लिटरच्या फ्लास्कमधली रिॲक्शन १,००० लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली की आकारमान १,००० पट होतं, पण उष्णता बाहेर जायचा पृष्ठभाग साधारण १०० पटच वाढतो. फ्लास्कमध्ये २० मिनिटांत ओतलेला रिएजंट इथे काही तास थेंबाथेंबाने सोडावा लागतो, रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन (थंड खारं पाणी) फिरवावं लागतं. घाई केली तर तापमान चढतं, नको ती अशुद्धी वाढते आणि मग ती क्रिस्टलायझेशनमध्येही सुटत नाही. हे पेटंटच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

तिसरा धागा १९७३चा फेरा (परकीय चलन नियमन कायदा): परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणा, नाहीतर बल्क ड्रग इथे बनवा. नुसतं सिरप भरणाऱ्यांना सवलत नव्हती.

कलमबहाद्दर

फेरा राहिलाच होता माझा. एक भर: ट्रिप्सने (जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराने) औषधांची प्रॉडक्ट पेटंट सुरू करायला १९९५ ते २००५ अशी दहा वर्षांची मुभा दिली होती. आपण ती पुरी वापरली. ब्राझीलने १९९६लाच नवा कायदा करून १९९७पासून औषधांची पेटंट सुरू केली. २००१मध्ये सिप्लाने एड्सच्या तीन औषधांचा संच रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा बाजारभाव १०,००० डॉलरच्या वर होता. हे त्या मुदतीतच शक्य झालं.

२००५नंतरही दारं पुरती बंद नाहीत. कलम २५(१) खाली पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. कलम ३(ड) (जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाने परिणाम वाढत नसेल तर पेटंट नाही) वर १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचा अर्ज फेटाळला. कलम ८४चा सक्तीचा परवाना मात्र एकदाच दिला गेलाय, मार्च २०१२मध्ये नॅटको कंपनीला, नेक्सावार या कर्करोगाच्या औषधासाठी: १२० गोळ्या ८,८०० रुपयांत, मूळ किंमत सुमारे २,८०,००० रुपये.

पाटीपुस्तक

झकास. पण मग आज पेनिसिलीन-जी चीनमधून का आणतो आपण? पिंपरीचा कारखाना तर पेनिसिलीनसाठीच उभा राहिला.

रसायनी

कारण ते फर्मेंटेशन आहे, म्हणजे टाकीत बुरशी वाढवून तिच्याकडून औषध बनवून घेणं. टाकी कित्येक दिवस चालते, निर्जंतुक हवा अखंड लागते, वीज गेली की बुरशी गुदमरते. बाहेरचा जिवाणू शिरला आणि तो पेनिसिलिनेज (पेनिसिलीन तोडणारं एन्झाइम) बनवणारा निघाला तर सगळी बॅच गटारात. म्हणजे वीज आणि वाफ स्वस्त हवी, टाक्या प्रचंड हव्यात. १९९१नंतर आयात खुली झाली आणि चिनी माल त्या दरात आला. इथले प्लांट एकेक करून बंद पडले. २०२०मध्ये बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची) योजना आली ती म्हणूनच.

दर्जाच्या देखरेखीवर मात्र आपण कमी पडलो. कारखान्याचा परवाना राज्याचं औषध प्रशासन देतं, प्रत्येक राज्याची प्रयोगशाळा आणि निरीक्षकांचं बळ वेगळं. सिरपमध्ये घालायच्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक ड्रममधून नमुना घेऊन डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ०.१० टक्क्याच्या आत आहे का, हे गॅस क्रोमॅटोग्राफवर बघायचं असतं. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर भागवलं की घात होतो. भारतातून गेलेल्या सिरपशी जोडल्या गेलेल्या गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर १ जून २०२३पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. देशातल्या बाजारासाठीही तेव्हाच का केली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

कलमबहाद्दर

टिपणात ब्राझील घेणार असाल तर 'सेमे' ही १९७१ची सरकारी औषधखरेदी संस्था जरूर बघा. १९८०च्या दशकात तिने कांपिनास शहरातल्या 'कोडेटेक' या तंत्रज्ञान-विकास कंपनीकडून बल्क ड्रगच्या पद्धती विकसित करून घ्यायला सुरुवात केली होती. १९९०मध्ये आयात शुल्क धडाधड उतरलं आणि ते काम मध्येच लटकलं. त्यामुळे 'ब्राझीलने काही केलंच नाही' असं लिहू नका.