मदत हवी आहे: पॉप-अप कॅम्परमध्ये गादी ओली होते, छतही उचलत नाही

उनाड_चाक
पिकअपच्या हौद्यावर बसणारा पॉप-अप कॅम्पर आहे, म्हणजे छत वर उचललं की झोपायची खोली तयार. सकाळी गादी खालून ओली असते, वरून कोरडी. बुरशी धरायला लागली आहे. शिवाय छत एकट्याने उचलता येत नाही, पूर्वी यायचं. फटी सगळ्या सिलिकॉनने बुजवून झाल्यात, त्यामुळे 'गळती शोधा' हा सल्ला नको. पुढच्या आठवड्यात निघायचंय. नेमका उपाय सांगा.

पाना_पक्कड
भिंती कापडी की कडक? छत कशावर उचलतं: हँडल, मोटर की गॅसचे शॉकअप (दाबलेल्या गॅसच्या जोरावर छत वर ढकलणारे दांडे)? आणि 'पूर्वी' ते 'आता' यांच्यामध्ये काय काय बसवलंत?

तंबूवाला_नाना
विका आणि बंद व्हॅन घ्या. मी तेच केलं. ना छत उचलायचं, ना कापड वाळवायचं.

उनाड_चाक
नाना, विकायचा असता तर धागा कशाला काढला असता?
पाना_पक्कड, कापडी, अर्थातच. शॉकअप आहेत. मध्ये काही बसवलं नाही, फक्त सोलर.

पाना_पक्कड
'फक्त' सोलर! किती आणि कुठे?

उनाड_चाक
100 वॉटची दोन, काचेची. पुढच्या बाजूला, पलंगाच्या वर. त्याचा गादीशी काय संबंध?

पाना_पक्कड
गादीशी नाही हो, छताशी. असं एक पॅनेल 7-8 किलोचं. दोन झाली, वर अँगल आणि बोल्ट. शॉकअप मूळ छताचं वजन धरून दिलेले असतात. त्यात थंडीत आतल्या गॅसचा दाब उतरतो, म्हणजे पहाटे आणखी जोर लावावा लागतो. मागची बाजू अजून सहज उचलते ना?

उनाड_चाक
हो! तुम्हाला कसं कळलं?

हलकं_फुलकं
काचेची काढून लवचिक पॅनेलं चिकटवा. वजन निम्म्याहून कमी. विषय संपला.

पाना_पक्कड
विषय तिथेच सुरू होतो. छताला घट्ट चिकटवली की खालून हवा लागत नाही, तापतात, वीज कमी देतात आणि आयुष्यही कमी. माझ्याकडे होती.

हलकं_फुलकं
माझ्याकडे अजून आहेत आणि चालताहेत. सगळ्यांचे अनुभव तुमच्यासारखेच असतील असं नाही.

वाफाळलेली
गादीकडे कोणी बघणार आहे का? खालून ओली म्हणजे पाऊस नाही, तुमचीच वाफ. पलंग ड्रायव्हरच्या केबिनवर येतो, त्याच्या प्लायखालून रात्रभर वारा जातो. अंगाचा ओलावा गादीतून उतरतो आणि गार प्लायवर त्याचं पाणी होतं. वर फोम, खाली प्लाय, मध्ये हवा शून्य, वाळणार कुठून? रात्री खिडक्या उघड्या असतात का? आत काही पेटवता का?

उनाड_चाक
खिडक्या बंद, थंडी असते. झोपण्याआधी अर्धा तास गॅसची शेगडी चालू ठेवतो, छान ऊब येते.

वाफाळलेली
ती शेगडी आधी बंद करा! एक किलो एलपीजी जळला की जवळजवळ 1.6 किलो पाणी तयार होतं. अर्ध्या तासात निदान अर्धा पेला पाणी हवेत सोडताय, वर रात्रभराचे श्वास. आणि तुम्ही तर सगळ्या फटी सिलिकॉनने बंद केल्यात! ओल राहू दे बाजूला, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म बसवा, पण अलार्म आहे म्हणून शेगडी पेटवून ऊब घेऊ नका.

पाना_पक्कड
+१. हे छताच्या आधी करा.

दोरा_सुई
नवं कॅनव्हास असेल तर एकदा पूर्ण भिजवून वाळवा. धागे फुगतात, शिवणीची भोकं बुजतात.

वाफाळलेली
ते सुती कॅनव्हासला. यांचं विनाइलचं असलं तर धुतल्याचं समाधान तेवढं मिळेल. आणि गळती नाही असं ते पहिल्याच पोस्टमध्ये म्हणालेत.

भटक्या_बॅटरी
डिझेल हीटर बसवा. जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर टाकतो, आत फक्त कोरडी गरम हवा. चालू होताना मात्र काही मिनिटं 10 अँपिअरच्या आसपास खेचतो. वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि एरर दाखवून बंद. जाड वायर टाका, फ्यूज बॅटरीजवळ. बॅटरी कुठली आहे?

उनाड_चाक
मोठी आहे.

भटक्या_बॅटरी
'मोठी' म्हणजे? 100 अँपिअर-तास असली तरी लेड-अ‍ॅसिडमधले निम्मेच धरायचे, नाहीतर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या.

तंबूवाला_नाना
आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, हे कोण सांगणार? माझी लेड-अ‍ॅसिड गारठ्यातही चार्ज होते.

भटक्या_बॅटरी
बॅटरी आत ठेवायची असते नाना, बंपरवर नाही.

खडूस_प्रवासी
अवांतर: हीटर, पॅनेल, बॅटरी, पाण्याची टाकी… गाडीला किती भार चालतो ते कोणी बघतंय का? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. मागचा मर्यादेबाहेर गेला तर कोरड्या गादीचा काय उपयोग?

उनाड_चाक
हीटरला आता वेळ नाही. काल शेगडी नाही, दोन समोरासमोरच्या खिडक्या चार बोटं उघड्या, गादीखाली प्लास्टिकची जाड जाळी. गादी कोरडी! पायाकडचा एक कोपरा तेवढा ओला. थंडी वाजली, ते वेगळं.

वाफाळलेली
त्या कोपऱ्यात काय ठेवता?

उनाड_चाक
जॅकेट आणि चपलांची पिशवी.

वाफाळलेली
हलवा ती. दिवसा गादीची ती कडा उभी करून ठेवा. थंडीसाठी चंदेरी बबल शीटचे तुकडे कापून कापडी भिंतीला आतून वेल्क्रोने लावा, चिकटवू नका. मागे ओल साचते, वाळवायला काढता आले पाहिजेत.

उनाड_चाक
करतो. आता छताचं सांगा. नवे शॉकअप कितीचे घेऊ?

पाना_पक्कड
जुन्यावर एक आकडा आणि पुढे 'एन' (न्यूटन, म्हणजे शॉकअपचा जोर) छापलेलं असतं, तो सांगा.

उनाड_चाक
रंगाखाली गेलाय.

पाना_पक्कड
मग मोजा. पुढची बाजू दोघांनी उचला, दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडी टेकू द्या, मगच शॉकअप सोडवा. टेकूशिवाय सोडवलेत तर छत थेट हातावर येईल. मग एका टेकूखाली घरातला वजनकाटा सरकवा आणि आकडा वाचा, नंतर दुसऱ्याखाली. एकदा पॅनेलसकट, एकदा पॅनेल काढून. दोन्ही आकडे इथे टाका. अंदाजाने सगळ्यात जोरदार शॉकअप आणू नका. छत बंद करताना खाली बसणार नाही आणि उचलायच्या पट्टीचा प्लाय वाकेल. शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी आणि टोकाच्या बॉलची जाडीही लिहा.

हलकं_फुलकं
किंवा लवचिक पॅनेलं.