‘टर्न ऑन इट’ की ‘टर्न इट ऑन’?

प्रश्न:
एका मशीनच्या सूचना इंग्लिशमध्ये लिहितोय. सोबतच्या दोघांमध्ये वाद लागलाय, एक म्हणतो ‘प्रेस द ग्रीन बटन टु टर्न ऑन इट’, दुसरी म्हणते नाही, ‘टर्न इट ऑन’च पाहिजे. पण ‘टर्न ऑन द मशीन’ तर सगळीकडे दिसतं, मग ते कसं चालतं? आणि स्विच ऑन, स्टार्ट, बूट यातलं कुठे काय वापरायचं तेही सांगा प्लीज, कागद छपाईला जायचाय.

उत्तर १:
दुसरीचं बरोबर. वस्तूचं नाव असेल तर कुठेही ठेवा, ‘टर्न ऑन द मशीन’ चालतं, ‘टर्न द मशीन ऑन’ पण चालतं. पण नावाऐवजी इट किंवा देम आलं की ते मध्येच बसतं, स्विच ऑन, टर्न ऑफ सगळ्यांना हेच. आणि ही नुसती व्याकरणाची किरकिर नाही हां, ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला, जागा बदलली की अर्थच बदलतो. नाव फार लांबलचक असेल तर मात्र टर्न आणि ऑन शेजारीशेजारी ठेवा, वाचायला बरं पडतं.

उत्तर २:
टर्न ऑन नळालाही चालतं, गॅसलाही. स्विच ऑन विजेच्या वस्तूंना. बूट फक्त कॉम्प्युटर, फोन असल्या गोष्टींना, जिथे आधी सिस्टीम लोड व्हावी लागते. स्टार्टकडे नीट बघा, वॉशिंग मशीन स्विच ऑन केलं की दिवा लागतो, पण धुणं सुरू होतं ते स्टार्ट दाबल्यावर, तुमच्या मशीनला अशा दोन पायऱ्या असतील तर दोन्हीला एकच शब्द अजिबात नको, वापरणारा नुसता दिवा बघत उभा राहील.

उत्तर ३:
अजून एक, ‘ऑन द मशीन’ असं लिहू नका, फार जण लिहितात. आपण ‘मशीन ऑन कर’ म्हणतो त्यात क्रियापद ‘कर’ आहे, इंग्लिशमध्ये नेताना तेच गळतं आणि नुसतं ऑन उरतं. ‘ओपन द फॅन’ पण चूक, ओपन ॲपला, फाइलला, दाराला.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे. आमच्याकडे दोन पायऱ्याच आहेत, आधी मेन स्विच मग हिरवं बटन. म्हणजे ‘स्विच ऑन द मशीन’ आणि खाली ‘प्रेस द ग्रीन बटन टु स्टार्ट इट’, असंच पाठवतोय.