पायऱ्या न चढता जुन्नर तालुक्यात काय पाहता येईल?

प्रश्न

माझ्या आईचे माहेर ओतूरजवळच्या एका खेड्यात होते. आजोबा गेल्यानंतर तिथले घर उरले नाही आणि गेल्या बावीस वर्षांत आमचे तिकडे जाणे झाले नाही. आता आईचे वय ७९ आहे, गुडघे दुखतात, परंतु दिवाळीनंतर दोन दिवस जुन्नर तालुका डोळे भरून पाहावा, अशी तिची फार इच्छा आहे. शिवनेरी आणि लेण्याद्री (तीनशेच्या आसपास पायऱ्या!) या वेळी शक्य नाहीत, आणि ओझरचे दर्शन आम्ही घेणारच आहोत. याखेरीज जिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि पर्यटकांच्या यादीत सहसा नाव येत नाही, अशी ठिकाणे तालुक्यातील जाणकारांनी कृपया सुचवावीत. नाणेघाटातील दगडी रांजण आईने लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. तो आता तिला पाहता येईल का?

पहिले उत्तर

रांजण नक्की पाहता येईल. जुन्नरहून चावंड, पूर आणि घाटघर या मार्गाने साधारण ३० किलोमीटर गेल्यावर गाडी पठारावर पोहोचते, आणि रांजण घाटाच्या तोंडाशी वरच असल्यामुळे थोडेसे सपाटीवरून चालावे लागते. कोकणातील बंदरांहून जुन्नर, पैठणकडे जाणारा माल याच खिंडीतून वर येई आणि त्यावरची जकात या रांजणात टाकली जाई, असे परंपरेने सांगितले जाते. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली गुहा मात्र खिंडीतून थोडे खाली उतरल्यावर लागते. दगड ओबडधोबड असल्याने आईंना तिथे नेऊ नये, आपण उतरून छायाचित्रे काढून त्यांना दाखवावीत. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नावाच्या जुन्या नाण्यांच्या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत, आणि भारतातील अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज तिथे वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मी त्या खुणांसमोर प्रथम उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडून बराच वेळ शब्द फुटला नव्हता.

जाताना पूर येथे कुकडेश्वराच्या मंदिरापाशी अवश्य थांबावे. कुकडी नदीचा उगम इथलाच मानला जातो, आणि मंदिराच्या दगडावरील कोरीवकाम इतके बारीक आहे की सकाळच्या तिरप्या उन्हातच ते नीट उमटून दिसते.

दुसरे उत्तर

मी आळेफाट्याच्या बाजूचा आहे, म्हणून तालुक्याच्या पूर्वेबद्दल लिहितो, कारण सगळे लोक पश्चिमेच्या डोंगरांकडेच धावतात.

बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठच्या मातीत पांढुरक्या राखेचा एक थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. तिच्या वयाबद्दल मात्र वाद आहे. काहींच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची, तर काहींच्या मते आठ लाख वर्षांपूर्वीची आहे. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली आहेत. ही राख चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ लागते, परंतु माझी कळकळीची विनंती आहे की कोणीही ती आठवण म्हणून उकरून नेऊ नये. थर आधीच झिजत चालला आहे, आणि तो एकदा गेला की परत येणार नाही.

तिथून खोडदला जावे. मीटर-तरंगलांबीच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. तबकडी भरीव पत्र्याची नसून बारीक तारांच्या जाळीची असल्यामुळे तिच्यातून वारा आणि आकाश दोन्ही आरपार जातात, आणि एवढा मोठा सांगाडा त्यामुळेच हलका राहतो. आत जाण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र केंद्र सर्वांसाठी खुले असते आणि पंचक्रोशीतील शाळांची मुले तिथे प्रयोग मांडतात. आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. ती वाटेतच लागेल.

जेवणात मासवडी मागावी. नावात मासा असला तरी ती पूर्ण शाकाहारी आहे. बेसनाची शिजलेली पोळी ओल्या फडक्यावर थापून तीत तीळ, सुके खोबरे आणि लसणाचे सारण भरतात, आणि फडक्यासकट गुंडाळी दाबून तिला माशासारखा आकार देतात.

तिसरे उत्तर

नारायणगावाचा उल्लेख राहू नये म्हणून लिहिते. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव आहे. माझे वडील आमच्या गावच्या यात्रेची सुपारी द्यायला दरवर्षी जात आणि राहुटीत बसून झालेली बोलणी घरी आल्यावर आम्हाला सांगत. राहुट्या दिवाळीत दिसणार नाहीत, याची नोंद घ्यावी.

ओतूरच्या कपर्दिकेश्वराबाबतही तेच आहे. मांडवी नदीकाठचे हे देऊळ बारमाही उघडे असते, परंतु कोरड्या तांदळाच्या पिंडी पाहायच्या असतील तर श्रावणी सोमवारीच जावे लागते. पाणी किंवा चिकटा न वापरता केवळ तांदळाचे दाणे रचून त्या उभ्या करतात. संत तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही तिथेच आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री ही उत्तरे आईला मोठ्याने वाचून दाखवली. तांदळाच्या पिंडीचा उल्लेख येताच तिने मला थांबवले, कारण लहानपणी तिच्या आईचे बोट धरून ती दर श्रावणी सोमवारी ओतूरला जात असे, आणि गर्दीत कोणाचा धक्का लागून दाणे ढासळतील, या भीतीने श्वास रोखून उभी राहत असे. ही गोष्ट तिने आम्हाला आजवर कधीही सांगितली नव्हती. श्रावणात नाणेघाटात धुके आणि गर्दी असते, हे मला ठाऊक आहे, तरीही आम्ही दिवाळीचा बेत बदलून श्रावणातला दुसरा सोमवार ठरवला आहे. पहिला दिवस पूर्ण ओतूरसाठी ठेवू आणि दुसऱ्या दिवशी बोरी, खोडद व आळे पाहू. रांजणासाठी दसऱ्यानंतर पुन्हा येऊ.

त्या सोमवारी देवळाच्या किती जवळपर्यंत गाडी सोडतात, हे ओतूरच्या कोणी कळवल्यास मोठी मदत होईल.