ब्राउझरमध्ये जुने ॲडव्हेंचर गेम, सेव्ह केलेलं गायब होतंय, मदत हवी आहे

फोंडेकर_मामा

नमस्कार मंडळी. भाचा गणेश चवथीपर्यंत आमच्याकडे फोंड्याला आहे, पाऊस असा की पोराला अंगणातसुद्धा सोडता येत नाही, आणि मोबाईलवरच्या त्या गोळीबाराचा मला वीट आला म्हणून म्हटलं याला आमच्या वेळचे गेम दाखवू. मी अकरावीत असताना गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतला कॉम्प्युटर घरी आला होता, त्यावर मंकी आयलंड किती रात्री खेळलोय ते आईला अजून माहीत नाही. असो.

भाच्याकडे शाळेनं दिलेलं क्रोमबुक आहे, त्यात काही म्हणजे काही इन्स्टॉल होत नाही, ब्राउझर तेवढा चालतो. म्हणून घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर स्कमव्हीएमची (जुने ॲडव्हेंचर गेम आजच्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) ब्राउझरात चालणारी आवृत्ती ठेवली, सोबत बिनीथ अ स्टील स्कायच्या फाइली (१९९४ चा गेम, २००३ पासून कंपनीनंच फुकट केलाय, स्कमव्हीएमच्या साइटवर मिळतो, चोरीचा मामला नाही), पायथनचा छोटा सर्व्हर चालू केला आणि घरच्या वायफायवरून तो क्रोमबुकवर खेळतो, मी माझ्या लॅपटॉपवर. चालतो मस्त. पण सेव्ह राहत नाही!! कधी राहतं कधी जातं. पोरानं जोईचा (गेममधला रोबोट मित्र) बोर्ड भंगारातल्या रोबोटात बसवला, पुढे बराच गेला, दुसऱ्या दिवशी उघडलं तर परत पहिल्यापासून, कठड्याचा गज उपटा आणि दार फोडा. माझ्या लॅपटॉपवर चारपाच दिवस नीट राहिलं आणि मग तेही गेलं. वर एफ-५ दाबून सेव्हचा पॅनल उघडायला जावं तर कधी पॅनल उघडतो कधी सगळं पानच रिफ्रेश होतं. आवाजही कधीकधी सुरुवातीला येत नाही. कोणी सांगेल का काय भानगड आहे?

सासष्टीकर

मामा, एवढा खटाटोप कशाला, लॅपटॉपवर सरळ स्कमव्हीएम इन्स्टॉल करा, सेव्ह हार्ड डिस्कवर राहील, विषय संपला. ब्राउझर ही गेम खेळायची जागाच नव्हे.

फोंडेकर_मामा

लॅपटॉपचं कळलं हो, पण क्रोमबुकचं काय? पोराला त्याच्याच मशीनवर खेळायचंय, माझ्या लॅपटॉपवर बसला की मला ऑफिसचं काम कोण देणार करू.

डिचोलीची_बाय

एक साधा प्रश्न, सर्व्हर कशाला लागतो? फोल्डरमधल्या इंडेक्स फाइलवर डबल क्लिक केलं तर उघडणार नाही का?

कुळागर

बाय, पान उघडेल पण गेम चालणार नाही. डबल क्लिकनं उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारच्या फाइली वाचू देत नाही, सुरक्षेसाठी, आणि इथे तर सगळा गेमच शेजारच्या फाइलींत असतो. सर्व्हर मध्ये असला की त्या फाइली रीतसर मागून मिळतात. मामांनी केलंय ते बरोबर आहे.

आता मामा, तुमच्या एफ-५ चं आधी. जुन्या गेमांत एफ-५ म्हणजे सेव्हचा मेनू आणि ब्राउझरात एफ-५ म्हणजे रिफ्रेश, दोघांची मारामारी. की कुठे जाणार ते फोकस कुठे आहे, म्हणजे शेवटचं क्लिक कुठे केलं, त्यावर आणि पान बनवणाऱ्यानं ती की अडवलीय का त्यावर. खेळायच्या आधी गेमच्या चित्रावर एक क्लिक करायची सवय लावा. मला विचाराल तर एफ-५ च्या नादालाच लागू नका, कंट्रोल धरून एफ-५ दाबलं की स्कमव्हीएमचा स्वतःचा मेनू येतो पण ब्राउझरात तीही रिफ्रेशचीच जोडी आहे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पानावर मेनूचं बटण असेल तर माउसनं तेच दाबा. कंट्रोल-डब्ल्यूपासून तर लांबच राहा, ते क्रोम सहसा पानाला अडवूच देत नाही, टॅब सरळ बंद.

आवाजाचंही तेच औषध. २०१८ पासून क्रोम तुम्ही पानावर क्लिक केल्याशिवाय किंवा की दाबल्याशिवाय आवाज सुरूच होऊ देत नाही, जाहिराती आपोआप बोंबलू नयेत म्हणून. क्लिक करा, येईल. आवाज तुटत असेल तर संगीताच्या सेटिंगमध्ये एमटी-३२ (रोलंडचं जुनं संगीताचं यंत्र) निवडलंय का बघा, ते अख्खं यंत्र सॉफ्टवेअरनं नक्कल करावं लागतं, गरीब मशीनला झेपत नाही. ॲडलिब (जुन्या साध्या साउंड कार्डचा पर्याय) ठेवा.

सेव्हबद्दल सांगण्याआधी मला सांगा, क्रोमबुकवर टॅब बंद करून लगेच परत उघडला तर सेव्ह दिसतं का? आणि लॅपटॉपवरचं गेलं त्या दिवशी घरात काय वेगळं झालं होतं?

पणजीचा_पांथस्थ

मी जुन्या गेमांच्या ऑनलाइन संग्रहांवर खेळतो, इंटरनेट अर्काइव्हनं २०१५ च्या जानेवारीत डॉसचे २४०० च्या आसपास गेम ब्राउझरात आणले होते, तिथे तर टॅब बंद केला की गेलंच समजायचं. मला वाटलं ब्राउझरात सेव्ह राहतच नसेल. मंकी आयलंड पण कुठे फुकट मिळेल काय?

कुळागर

मंकी आयलंड आजही विकत मिळतो राव, सोडून दिलेला नव्हे. तुमच्याकडे जुनी सीडी असेल तर तिच्यातल्या फाइली स्कमव्हीएमला चालतात. आणि ब्राउझरात सेव्ह राहतं, फक्त कसं ते समजून घ्यावं लागतं.

फोंडेकर_मामा

करून बघितलं. क्रोमबुकवर टॅब बंद करून उघडला, सेव्ह आहे! पण पोरगं रात्री लॉगआउट करून सकाळी शाळेला नेतं आणि संध्याकाळी परत उघडलं की नाही. लॅपटॉपचं म्हणाल तर, वेगळं काही नाही बुवा, लाइट गेली होती तेवढी, ती काय इथे पावसात रोजच जाते. आल्यावर सर्व्हर परत चालू केला, राउटरनं डेस्कटॉपला नवीन आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता, तो भाच्याला आणि मला टाकून घेतला, गेम चालू झाला.

कुळागर

मिळालं. मामा, तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत आणि लक्षण एकच.

गेम सेव्ह करतो तेव्हा तो आधी मेमरीतल्या एका खोट्या डिस्कवर लिहितो, मग ते पान ती डिस्क ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी नावाच्या कपाटात नेऊन ठेवतं (म्हणून सेव्ह केल्या केल्या टॅब बंद करू नका, चार सेकंद थांबा). हे कपाट तुमच्या डेस्कटॉपवर नसतं, ज्या मशीनवर खेळता तिथल्या ब्राउझरात असतं, आणि प्रत्येक साइटला वेगळं, साइट म्हणजे पत्ता आणि पोर्ट नंबर (पत्त्यापुढचा ८००० सारखा आकडा) धरून. लाइट गेली, राउटर बंद पडून चालू झाला, डेस्कटॉपचा १९२.१६८ वाला आयपी बदलला, की लॅपटॉपच्या हिशेबानं ती नवीनच साइट. तुमचं सेव्ह कुठेही गेलेलं नाही, जुन्या पत्त्याच्या कपाटात पडून आहे. खात्री करायची तर डेस्कटॉपला तात्पुरता तोच जुना आयपी हातानं द्या आणि तोच पत्ता उघडा. कायमचा इलाज म्हणजे राउटरच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे डेस्कटॉपचा मॅक नंबर (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) टाकून एक आयपी बांधून टाका. पोर्ट पण तोच ठेवा, आज ८००० उद्या ८०८० केलं तरी तेच होणार.

क्रोमबुकचं वेगळं. शाळेच्या ताब्यातल्या क्रोमबुकला ॲडमिनला अशी सेटिंग ठेवता येते की लॉगआउट झालं की त्या मशीनवरचा युजरचा सगळा डेटा पुसायचा. तुमचं वर्णन हुबेहूब तेच आहे. त्यात डाउनलोड फोल्डरही जातो. गेम काय करणार, ब्राउझर काय करणार.

सासष्टीकर

हे आयपीचं मला ठाऊक नव्हतं. माझ्या एका कामाच्या पानाचं लॉगिन दर पावसाळ्यात का जातं ते आत्ता कळलं.

डिचोलीची_बाय

मग मुलानं लॉगआउटच करू नये, झाकण बंद करून न्यावं, नाही का?

कुळागर

बाय, झाकण बंद करून चालेल, पण बॅटरी संपली किंवा अपडेटला रीस्टार्ट झालं की गेलं. त्यापेक्षा पानात सेव्हची फाइल बाहेर काढायची सोय असेल तर ती पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवावी. शाळेनं पेन ड्राइव्ह बंद केला असेल तर मात्र गूगल ड्राइव्हच. पोराला आधी सरांना विचारू दे, नाहीतर मामाचा गेम आणि भाच्याला बोलणी.

फोंडेकर_मामा

कुळागर बाब, देव बरें करूं! डेस्कटॉपला जुना आयपी दिला आणि लॅपटॉपवर सगळी सेव्हं जशीच्या तशी, मी तर धरूनच चाललो होतो की गेली. रिझर्व्हेशन पण केलं, त्या राउटरच्या पानाचा पासवर्ड शोधण्यातच अर्धी संध्याकाळ गेली ते सोडा. मग मुद्दाम राउटर बंद करून चालू केला, आयपी तोच, सेव्ह तिथेच.

क्रोमबुकचं अर्धवट आहे. आमच्या पानात सेव्ह बाहेर काढायचं बटण दिसत नाहीये, दुसरी कुठली तयार आवृत्ती कोणी वापरतंय का जिच्यात ते आहे? सध्या पोरगं संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर खेळतंय आणि मी फोनवर मेल बघतोय. आणि त्यानं हा गेम संपवला तर पुढे काय द्यावं, फुकटातलं सांगा.

पणजीचा_पांथस्थ

फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन द्या, १९९५ चा, २००४ पासून फुकट. विनोदी आहे, पोराला जास्त आवडेल. सेव्ह त्यात जर्नलमधून होतं म्हणजे एफ-५ ची कटकट नाही. फक्त डायलॉग लांबलचक आहेत, इंग्रजी वाचायला तुम्हाला शेजारी बसावं लागेल.

कुळागर

बटण असलेली आवृत्ती बघून सांगतो, रविवारपर्यंत वेळ द्या, आमच्याकडे पण लाइट नाही.