लग्न अडीच महिन्यांवर, पुढच्या दातांवर तपकिरी पट्टा: पार्लर, दवाखाना की घरगुती?

बोराटी लिहिते:

नमस्कार मंडळी. मूळची मी यवतमाळची, केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय २७, सध्या हडपसरला नोकरी. लग्न ठरलंय, आणि सगळ्यांचं लक्ष हॉल-कॅटररकडे असताना माझं दातांवर अडकलंय.

वरच्या पुढच्या दोन दातांवर मधोमध तपकिरी आडवा पट्टा आहे. बाजूच्या दातांवर खडू घासल्यासारखे पांढरे ढग. बाकी सगळं पिवळट. गावी शाळेत अख्ख्या वर्गाचे दात असेच होते, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हेच कळलं नव्हतं. अकरावीला वसतिगृहात गेले तेव्हा एकीनं सरळ विचारलं, "तू खर्रा (तंबाखू-सुपारी) खातेस का गं?" तेव्हापासून फोटोत ओठ मिटूनच हसते. साखरपुड्याच्या फोटोंपैकी एकात दात दिसत होते, तो मी फोटोग्राफरला काढून टाकायला लावला. नवरा म्हणतो त्याला काही फरक पडत नाही. त्याला नसेल पडत.

आतापर्यंतचे उद्योग: कोळशाची पावडर ३ आठवडे (बेसिन काळं झालं, दात होते तिथेच), मग जांभळी टूथपेस्ट (तासभर बरं वाटतं, जेवलं की संपलं). आता मैत्रिणीच्या ओळखीचं पार्लर निळा लाईट लावून तासाभरात ३५०० रुपयांत दात पांढरे करून देतंय. गावाकडून आत्याचा रोज फोन: लिंबू आणि खायचा सोडा लाव. दात पांढरे करायला चिकटवायच्या पट्ट्याही ऑनलाइन मिळतात. कुणी करून घेतलंय का? दात कायमचे कमजोर होतात असं ऐकलंय, त्याची जास्त भीती आहे.

खडूस_काका:

आत्याबाईंचा मान राखून सांगतो, लिंबू-सोडा अजिबात नको. मी केलंय. २०२० चा लॉकडाऊन, दवाखाने बंद, हातात मोबाईल आणि दारात लिंबाचं झाड. रोज सकाळी अर्धं लिंबू पिळायचं, त्यात चमचाभर सोडा, बोटानं घासायचं. असा फस्सकन फेस यायचा की वाटायचं, चला, ४० वर्षांचा चहा निघतोय. तो फेस म्हणजे फक्त लिंबू आणि सोडा यांचं आपसातलं भांडण होतं हे नंतर कळलं. मी तर कधी कधी सोडा संपला म्हणून नुसतं लिंबूही घासलं.

दोन महिन्यांत दात असे आंबले की माठातलं पाणी पिताना कळ कपाळात जायची. भर मे महिन्यात आमरस कोमट करून खाल्लेला माणूस आहे मी. पुढे डॉक्टर म्हणाले, वरचं एनॅमल झिजलं. त्याच्या आतला थर मुळातच पिवळा असतो, वरचं काचेसारखं आवरण पातळ झालं की तोच जास्त दिसायला लागतो. म्हणजे पांढरे करायला गेलो आणि आणखी पिवळे करून बसलो. आणि एनॅमल काही केसांसारखं परत उगवत नाही.

कवळीवाला (दंतवैद्य आहे, वर्ध्याला):

बोराटी ताई, तोंड न बघता निदान करत नाही, पण तालुका आणि वर्णन दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत: फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराईडनं दातांवर पडलेले डाग. लहानपणी कुठलं पाणी प्यायचात? बोअरचं किंवा हापशीचं असेल तर बघायलाच नको. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तुमच्या भागातल्या कित्येक बोअरना ते त्याहून जास्त आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हाडात तयार होत असतात, तेव्हाच हा डाग आत बसतो. दात उगवला तोच डाग घेऊन. त्यामुळे वरून कोळसा घासा नाहीतर विटकर, तिथपर्यंत पोचतच नाही. कोळशानं फक्त ओरखडे पडतात.

थोडं विषयांतर: अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला १९०१ मध्ये मॅके नावाचा नवा दंतवैद्य आला, त्याला गावातल्या लोकांच्या दातांवर हेच तपकिरी डाग दिसले. कारण पाण्यातलं फ्लोराईड आहे हे सापडायला १९३१ उजाडलं. तीस वर्षं. तेव्हा वसतिगृहातल्या त्या मैत्रिणीला माफ करा.

आता काय करायचं. आधी साधं स्केलिंग, म्हणजे मशीननं किटण काढणे, आणि कीड असेल तर ती भरून घेणे. किडलेल्या दातावर ब्लीच लावलं तर ते आत उतरतं आणि रात्र जागून काढावी लागते. पार्लरला माझा विरोध तिथेच आहे: लाईट लावणारा माणूस कीड बघत नाही, आणि हिरडी झाकताही त्याला येत नाही. ब्लीचचं जेल हिरडीवर आलं की ती पांढरी पडते, भाजल्यासारखी चुरचुरते. शिवाय त्या निळ्या लाईटचा हातभार फारसा नसतो, काम औषधच करतं. तासाभरानं दात पांढरेशुभ्र दिसतात त्यातला काही भाग दात कोरडे पडल्यामुळे असतो. आठवड्याभरात रंग थोडा उतरतो, तोवर ३५०० गेलेले असतात.

मी सुचवेन ते घरी लावायच्या ट्रेचं ब्लीचिंग, पण डॉक्टरांकडून. तुमच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवतात, त्यात १० टक्के कार्बामाईड पेरॉक्साईडचं जेल, प्रत्येक दाताला तांदळाच्या दाण्याएवढं, रात्री झोपताना. ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे. १० टक्के कार्बामाईडमधून प्रत्यक्षात साडेतीन टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साईड सुटतं, म्हणजे सौम्य. दवाखान्यातल्या खुर्चीवर ३५ टक्क्यांचं वापरतात, ते लवकर होतं, पण शेवटी पोचायचं साधारण तिथेच. युरोपात तर २०१२ पासून ०.१ टक्क्याच्या वरचं काही दुकानातून विकताच येत नाही, ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्यामार्फतच, आणि १८ च्या आतल्यांना नाहीच. आपल्याकडे ऑनलाइन पट्टीच्या पाकिटावर टक्केवारी शोधून बघा, सापडली तर नशीब.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर रडू नका. ब्लीचनं तपकिरी पट्टा फिका होईल, पांढरे ढग जाणार नाहीत. पहिले काही दिवस उलट जास्तच उठून दिसतील. त्यासाठी पुढची पायरी मायक्रोअॅब्रेजन, म्हणजे आम्ल आणि बारीक खरखरीत पूड मिसळून वरचा अगदी नखभरही नाही इतका थर मोजून घासायचा. काकांनी लिंबानं बेहिशेबी केलं तेच, हिशेबात. तरीही उरलं तर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा लेप), पण ते ब्लीच संपल्यावर दोन आठवड्यांनी, नाहीतर नीट चिकटत नाही. कुणी पहिल्याच भेटीत व्हिनीअर (दात तासून वर चिकटवायचा पातळ पापुद्रा) सुचवलं तर उठून या. वय २७, चांगले दात तासायचे कशाला?

कमजोर होण्याबद्दल: सौम्य औषधानं काही दिवस ठणक लागते, ती जाते. पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट आठवडाभर आधीच सुरू करा.

कराडची_आक्का:

माझा डाग वेगळा, पण लिहिते. वीस वर्षं मशेरी लावली. तव्यावर तंबाखू भाजायची, वास शेजारच्या गल्लीत जायचा. नातीनं धरून नेलं डॉक्टरांकडं. ब्लीच-बीच काही नाही, नुसतं मशीननं किटण काढलं, पाऊण तासात काळं सगळं उतरलं. घरी आल्यावर जीभ फिरवली तर दातांत फटी! मला वाटलं, मेल्यानं दात तासले. त्यांनी आरसा धरून दाखवलं, त्या फटी आधीपासूनच होत्या, किटणानं बुजल्या होत्या. मशेरी सोडली हे वेगळं सांगायला नको. डोकं मात्र महिनाभर दुखत होतं, मशेरीवाचून.

बोराटी:

चार आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. पार्लर रद्द. दवाखान्यात गेले, फ्लोरोसिसच निघालं. आणि हो डॉक्टर, हापशीचंच पाणी. मी सातवीत असताना त्या हापशीला लाल रंग मारून गेले, "प्यायला नाही" म्हणून. तोवर माझे दात येऊन बसले होते.

साडीच्या दुकानात पदर खांद्यावर टाकून बघतात तसे त्यांनी एकेक नमुना दात माझ्या दाताशेजारी धरून बघितले. ए ३.५ निघाला (आकडा जितका मोठा तितका दात गडद). एक दाढ किडलेली होती, ती भरली. मग माप: गुलाबी थंडगार गोळा थेट पडजिभेपर्यंत, डोळ्यांतून पाणी. १४ रात्री ट्रे लावला. तिसऱ्या-चौथ्या रात्री खरंच ठणकलं, एक दिवसाआड केलं, थांबलं. ढग तुम्ही म्हणालात तसे आधी इतके पांढरे झाले की मी रडलेच, सांगून ठेवलं होतं तरी. आता ए २ आहे. पट्टा चहात दूध जास्त झाल्यासारखा फिका झालाय. पुढच्या आठवड्यात मायक्रोअॅब्रेजन.

दोन प्रश्न. आईच्या पुढच्या दोन दातांना कॅप आहे, तिला हे जमेल का? आणि लग्नानंतर कधी टच-अप लागलं तर हाच ट्रे चालेल ना? जेल फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवलंय, रूममेट रोज शंकेनं बघते.

कवळीवाला:

आईंच्या कॅपचा रंग बदलणार नाही. बाजूचे दात उजळले तर कॅपच पिवळी दिसेल, तेव्हा राहू द्या. ट्रे तोच चालेल, फक्त गरम पाण्यानं धुऊ नका, आकार जातो. आणि हळदीच्या आठवड्यात डबीत बंद करून ठेवा. हळद प्लास्टिकला लागली की निघत नाही.