केलीबाईंचं 'आपण'

बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन कार्यकर्त्या फ्लोरेन्स केली यांच्या भाषणाबद्दल 'बाईंनी आकडे फेकून टाळ्या मिळवल्या,' असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. केलींनी १९०५ साली फिलाडेल्फियात, मताधिकार मागणाऱ्या बायकांसमोर, २० लाख राबत्या मुलांचा आकडा सांगितला खरा. पण घाव बसतो तो 'आपण झोपेत असताना' या पालुपदाने. आपण झोपतो नि चिमुरड्या मुली रात्रभर गिरणीत आपल्याचसाठी कापड विणतात. 'ते मालक' नाही, 'आपण'! म्हणजे ऐकणारीच्या अंगावरचा कपडाच साक्षीदार. (बाई वकिलाची लेक, आणि स्वतःही कायदा शिकलेल्या.)

परवा ठाणे स्टेशनबाहेर, रात्री साडेअकराला, बारा-तेराचा पोरगा टपरीवर ग्लास विसळत होता. बोटं भिजून पांढरी पडलेली. मी कटिंग संपवला, ग्लास त्याच्याच हातात दिला आणि रिक्षा पकडली.