बॅरेटो यांच्या महिंद्र युनायटेडमधील हंगामाविषयी माहिती हवी आहे

नमस्कार. पोर्तु अलेग्री येथे जन्मलेले ब्राझीलचे फुटबॉलपटू होजे रामिरेझ बॅरेटो यांच्या कारकिर्दीवर मी मराठीत सविस्तर लेख लिहीत आहे. १९९९ मध्ये ते कोलकात्यात मोहन बागानकडे आले आणि पहिल्याच हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या विजेतेपदाचे भागीदार झाले. पुढे २००६ पासून पुन्हा त्याच क्लबसाठी खेळताना त्यांनी जे प्रेम मिळवले, त्यावर बंगालीत भरपूर लेखन झाले आहे. मात्र या दोन पर्वांच्या मध्ये ते मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळले, आणि गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असलेल्या त्या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा क्लबही २०१० मध्ये बंद झाला.

त्या हंगामातील सामने मुंबईच्या कूपरेज मैदानावर कोणी प्रत्यक्ष पाहिले आहेत का? बॅरेटो आघाडीला खेळत की थोडे मागे राहून चेंडू पुरवत, आणि संघातील सहकारी आघाडीपटू यूसुफ याकुबू यांच्याशी त्यांचा समन्वय कसा होता, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मराठी वृत्तपत्रांतील कात्रणे किंवा सामन्यांच्या पुस्तिका कोणाकडे असल्यास त्यांची छायाचित्रेही पाठवावीत.